साप, पतंग आणि दिवा : आवाज दाखवणाऱ्या ॲपच्या प्रकल्प नोंदी

१३ जून २०२४

मिरजेतल्या केंद्रात पहिली बैठक. बैठक म्हणजे स्पीच थेरपीच्या खोलीत मी, इथल्या थेरपिस्ट मॅडम आणि दोन कप चहा. काम ठरलंय ते असं: इथे येणाऱ्या मुलांना स्वतःचा आवाज डोळ्यांनी दिसेल असं टॅबलेटवर चालणारं साधन. मुलं साधारण तीन प्रकारची. कानाचं मशीन किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून आतल्या कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) असलेली, दुभंगलेल्या टाळूचं ऑपरेशन झालेली, आणि ऐकू नीट येतं पण स, र, ळ अशा एखाद्या वर्णावर गाडी अडलेली.

मी लॅपटॉप उघडायच्या आधी मॅडमनी कपाट उघडलं. छोटा आरसा, कागदाच्या पातळ पट्ट्या, मोरपीस, स्ट्रॉ. "हे माझं मशीन. तुमचं दाखवा आता."

आरसा नाकाखाली धरायचा. 'पापा' म्हणताना काचेवर वाफ धरली तर हवा नाकातून निसटते आहे. कागदाची पट्टी ओठांसमोर धरली की 'प'ला उडते, 'म'ला ढिम्म राहते. मुलाचा एक हात मॅडमच्या गळ्यावर आणि दुसरा स्वतःच्या गळ्यावर ठेवला की कंप कळतो. हे सगळं मी पूर्वी पाहिलं नव्हतं, त्यामुळे बराच वेळ पट्टी उडवत बसलो.

यातून पहिला नियम निघाला, तोही मॅडमचाच: कागदाच्या पट्टीला जे जमतं ते टॅबलेटवर करायचं नाही.

मग टॅबलेटसाठी उरतं काय? ओठ वाचणाऱ्या मुलाला प, ब आणि म सारखेच दिसतात. क आणि ग तर घशाच्या तोंडाशी होतात, बाहेरून काहीच दिसत नाही. आवाजाची पट्टी, म्हणजे उंच की खालची, ती आरशात दिसत नाही. स आणि श मधला फरक कागदाला कळत नाही. आपली जागा ही.

कल्पना जुनी आहे, हे लिहून ठेवतो, नाहीतर आपण काहीतरी शोधलं असं वाटायला लागतं. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलने १८७४ मध्ये मृत माणसाच्या कानाची हाडं आणि पडदा वापरून, काजळी धरलेल्या काचेवर आवाजाची रेघ उमटवणारं यंत्र केलं होतं. बहिऱ्या मुलांना आपल्या उच्चाराचा आकार दिसावा हा त्याचा हेतू. १९४० च्या दशकात बेल लॅबमध्ये आवाजाचं चित्र काढणारा स्पेक्ट्रोग्राफ झाला, तेव्हाही ऐकू न येणाऱ्यांना बोलणं वाचता येईल ही आशा होतीच. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आयबीएमने मुलांसाठी खेळांसारखी चित्रं दाखवणारं स्पीचव्ह्यूअर आणलं. आज ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या बोएर्स्मा आणि वेनिंक यांचं आवाज मोजणारं सॉफ्टवेअर 'प्राट' फुकट मिळतं आणि ध्वनीचा अभ्यास करणारे जगभर तेच वापरतात. पण प्राटची खिडकी सहा वर्षांच्या मुलासमोर ठेवून उपयोग नाही. मॅडमच्या शब्दांत, "ते ईसीजीसारखं दिसतं."

२० जून

पहिला पडदा मुद्दाम अगदी साधा ठेवला. आवाज मोठा झाला की फुगा मोठा. लॅपटॉपवर छान चालला. केंद्रातल्या टॅबलेटवर कुजबुज केली काय आणि ओरडलं काय, फुगा तेवढाच.

कारण शोधायला वेळ लागला नाही. ब्राउझरकडे माइक मागितला की तो तुम्हाला व्हिडिओ कॉल करायचा आहे असं गृहीत धरतो आणि न विचारता तीन गोष्टी करतो: प्रतिध्वनी काढून टाकतो, मागचा गोंगाट दाबतो आणि हळू-मोठा आवाज एका पातळीवर आणतो. कॉलवर बोलणाऱ्याची ही सोय आहे. आपल्याला मात्र नेमकं जे दाखवायचं तेच पुसलं जातं. एको कॅन्सलेशन, नॉइज सप्रेशन, ऑटो गेन कंट्रोल, तिन्ही बंद केली. एक टॅबलेट "बंद केलं" म्हणतो आणि करत नाही, म्हणून सेटिंग लावून झाल्यावर ती खरंच लागली का हे पुन्हा वाचून घ्यायचा कोड टाकला.

गोंगाट दाबणारी सोय सगळ्यात घातक. ती एकसारख्या, न बदलणाऱ्या सळसळीला पंखा समजून कापते. मुलाने लांब 'स्स्स्स' काढला की सुरुवात दिसते आणि पुढचा 'स' गायब होतो. जे मूल मोठ्या मुश्किलीने 'स' धरून ठेवतंय, त्याला पडदा सांगणार की तुझा आवाज संपला.

टॅबलेटचा माइक सोडून वायरचा कॉलर माइक घ्यायचं ठरवलं. मूल खुर्चीत पुढे-मागे झुलतं. तोंड आणि माइक यांतलं अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, आणि मुलाने काहीच बदललं नसताना फुगा आकसतो. कॉलरला लावलेला माइक मुलाबरोबर झुलतो. ब्लूटूथ नकोच, त्यात आवाज उशिरा पोचतो. तोंड मिटल्यावर फुगा फुगला तर मुलाने त्यातून काय जोडायचं?

२ जुलै

पतंग. आवाजाची पट्टी चढली की पतंग वर, उतरली की खाली.

पट्टी मोजायला यिन ही २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत घेतली. आवाजाची लहर स्वतःवरच थोडी थोडी सरकवून कुठे जुळते ते बघायचं, हे तिचं मूळ तत्त्व. अशा पद्धतींचा नेहमीचा रोग म्हणजे सप्तक चुकणं. मूल एका सुरात असतं आणि पतंग अचानक दुप्पट उंचीवर जाऊन परत येतो.

चाचणीला घरची पेटी बरी पडली. मधल्या सप्तकातली काळी एक म्हणजे साधारण २७७ हर्ट्झ, आणि या वयाच्या मुलांचा बोलण्याचा सूर २५० ते ३०० च्या आसपास असतो. म्हणजे पेटीवर मुलाचाच सूर मिळतो, आणि तो हलत नाही. आकडा १३८ किंवा ५५४ दिसला की सप्तक घसरलं. खालची मर्यादा १५० वर नेली, वरची ६०० ठेवली, आणि एका चौकटीतून (म्हणजे आवाजाच्या एका छोट्या तुकड्यातून) दुसऱ्या चौकटीत एवढी मोठी उडी आली तर ती दाखवायच्या आधी पुढच्या दोन चौकटींची वाट बघायची असं केलं. पतंग शांत झाला. बायको म्हणाली, इतक्या वर्षांत पेटी पहिल्यांदा कामाला आली.

उंचीचा अक्ष हर्ट्झमध्ये न ठेवता स्वरांच्या अंतरात ठेवला आहे. २०० ते ३०० आणि ३०० ते ४०० ही अंतरं आकड्यांत सारखी, पण गळ्याला आणि कानाला सारखी नाहीत.

११ जुलै

मुलांसमोर पतंग. पहिल्या पाच मिनिटांत सगळी ओरडायला लागली.

हे अपेक्षित असायला हवं असं मॅडम म्हणाल्या. जोर लावला की गळा ताणतो, सूर चढतो आणि पतंग वर जातो. ज्या मुलीला आधीच फार वरच्या पट्टीत बोलायची सवय आहे (ऐकू न येणाऱ्या मुलांत हे बऱ्याचदा दिसतं, विशेषतः 'ई' म्हणताना), तिला आपण बक्षीस देऊन तेच शिकवतोय. माझी सूचना होती की आवाज फार मोठा झाला तर दोर तुटावा. मॅडमनी ती जागीच मोडीत काढली. "दोर तुटताना बघायलाच ती ओरडतील."

त्यांचा उपाय साधा निघाला. आवाजाचा जोर ठरलेल्या पातळीच्या वर गेला की पतंग जिथे आहे तिथेच थांबतो. शिक्षा नाही, गंमतही नाही, फक्त काही होत नाही. आणि पतंग उंच नेणं हे ध्येयच काढून टाकलं. आता दोन ढगांमधून तो सरळ न्यायचा. ढग कुठे ठेवायचे ते मॅडम प्रत्येक मुलाप्रमाणे बोटाने सरकवतात.

२४ जुलै

'स'चा साप. 'स' चालू असेपर्यंत साप पुढे सरकतो, 'श' झाला की थांबतो.

'स' आणि 'श' दोन्ही म्हणजे हवेची सळसळ. फरक असा की 'स'ची ताकद वरच्या वारंवारतांमध्ये असते, 'श'ची त्याखाली. लहान मुलांत 'स' मोठ्या माणसांपेक्षाही वर जातो. म्हणून सेकंदाला १६,००० नमुने घेऊन चालत नाही, त्यात ८,००० हर्ट्झच्या वरचं काहीच उरत नाही आणि मुलाचा चांगला 'स' अर्धा कापला जातो. ४८,००० वर गेलो. मग सळसळीचा गुरुत्वमध्य काढायचा, म्हणजे ताकद सरासरी कुठे एकवटली आहे ते बघायचं, आणि त्यावरून साप चालवायचा.

दुपारी खोलीत कुणी बोलत नसताना साप चालायला लागला.

केंद्राचं छप्पर पत्र्याचं आहे आणि बाहेर पाऊस कोसळत होता. पत्र्यावरचा पाऊस म्हणजे भरभक्कम सळसळ, यंत्राला 'स'पासून ओळखायला अवघड. मुलांना ही त्या दिवसाची सगळ्यात मोठी मजा वाटली. एक मुलगा, ज्याला मशीन लावूनही वरचे आवाज फारसे पोचत नाहीत, छताकडे बोट दाखवायचा, मग सापाकडे, मग परत छताकडे. मॅडमनी सगळं बाजूला ठेवून त्याच्याबरोबर तेच केलं. पाऊस वाढला, साप पळाला. कमी झाला, साप रेंगाळला. मग त्यांनी स्वतः 'स्स्स' केलं, मग त्याने.

माझ्या कामाच्या यादीत हा दोष म्हणून लिहिला आहे. मॅडमच्या वहीत तो 'पावसाचा पाठ' म्हणून आहे. दोन्ही ठेवू. प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला खोलीचा आवाज दोन सेकंद मोजून तो वजा करायचा कोड टाकला, पण तो बंद करायचं बटणही दिलं.

६ ऑगस्ट

टाळूचं ऑपरेशन झालेला मुलगा. 'स' म्हणताना हवा नाकातून जाते. सापाला ते कळत नाही, सळसळ ती सळसळ. आरशावर मात्र वाफ येते. तोंड आणि नाक यांतला आवाज दोन माइकने वेगळा मोजणारं नेझोमीटर नावाचं उपकरण असतं, मोठ्या रुग्णालयांत ते सापडतं. आपण त्याची नक्कल करायची नाही. या मुलासाठी टॅबलेट आणि आरसा एकत्र. साप चालला आणि काच कोरडी राहिली तरच ठीक. जूनमधल्या नियमाला हे धरूनच आहे.

दुसरं, मुलं यंत्राला फसवायला फार लवकर शिकतात. एकाने शोध लावला की माइकवर फुंकर मारली तरी साप सरकतो. फुंकरीने माइकचा पडदा खालच्या वारंवारतांत धडधडतो. तो भाग जास्त दिसला की ती चौकट सोडून द्यायची असं केलं. दुसऱ्या मुलीने जीभ दातांच्या बाहेर काढून केलेला 'स' मात्र यंत्राने बरेचदा पास केला. मॅडमच्या कानाने नापास.

म्हणून पडद्यावरून 'शाब्बास' काढून टाकलं. टाळ्या, तारे, गुण, सगळं गेलं. साप फक्त चालतो किंवा थांबतो. बरोबर की चूक हे मॅडम ठरवतात, त्यासाठी टॅबलेटच्या मागे छोटा रिमोट आहे. कुणी निधीसाठी हे बघायला आलं तर तारे नसलेलं ॲप फिकं वाटेल, याची मला कल्पना आहे.

२० ऑगस्ट

स्वरांचा पडदा सोडून दिला.

इच्छा होती ती अशी: आ, ई, ऊ हे तीन कोपरे, आणि मूल जो स्वर म्हणेल त्याप्रमाणे ठिपका त्या त्रिकोणात फिरेल. तोंडाच्या पोकळीत जे आवाज जास्त घुमतात त्यांना फॉर्मंट म्हणतात, पहिले दोन मिळाले की स्वर बऱ्यापैकी ओळखता येतो. मोठ्या पुरुषाच्या आवाजावर ठिपका सुरेख फिरला. मुलांच्या आवाजावर तो माशीसारखा उडायला लागला.

यात आपल्या कोडचा दोष कमी आणि गणिताचा जास्त. ३०० हर्ट्झच्या आवाजात ताकद फक्त ३००, ६००, ९०० अशा ठिकाणीच असते. मधल्या जागा रिकाम्या. 'ई'चा पहिला फॉर्मंट मुळातच मुलाच्या सुराच्या जवळपास पडतो, त्यामुळे यंत्र घुमण्याऐवजी सूरच पकडतं. प्राटच्या मार्गदर्शिकेतही लहान मुलांसाठी वरची मर्यादा ८,००० हर्ट्झपर्यंत न्यायला सांगितलं आहे, पुरुषांसाठी ती ५,००० असते. तसं केलं, थोडं सुधारलं, पण मुलाला विश्वासाने दाखवावं इतकं नाही.

'ई' आणि 'ऊ' यांत दुसरा फॉर्मंट फार लांब असतो, तेवढाच भाग ठेवला. ठिपका नाही, दोन घरं: एक 'ई'चं, एक 'ऊ'चं. यंत्राला खात्री नसेल तेव्हा दोन्ही घरांचे दिवे बंद. उडणाऱ्या ठिपक्यामागे धावत मूल जे शिकेल ते विसरायला लावणं मॅडमना महागात पडेल.

३० ऑगस्ट

ढोल-ताशाचा सराव सुरू. संध्याकाळचं सत्र बंद, सकाळी नऊला हलवलं. गणपती होईपर्यंत नवं काही तपासायचं नाही. ताशाच्या कडकडाटापुढे खोलीचा आवाज वजा करणारा कोड हात टेकतो.

२१ सप्टेंबर

'दिवा' तयार. गळा थरथरत असेल तोवर दिवा पेटतो.

हा पडदा माझ्या मते आतापर्यंतचा सगळ्यात सरळ आहे. तार-दार, काय-गाय, पारा-बारा. ओठांवर या जोड्या सारख्या दिसतात, आणि ऐकू कमी येणारी मुलं बऱ्याचदा 'दार'चं 'तार' करून टाकतात. मराठीत ग, द, ब म्हणताना तोंड उघडायच्या आधीच गळा थरथरायला लागतो. लहरीत स्फोटाच्या, म्हणजे अडवलेली हवा सुटण्याच्या, आधी एक बारीक लाटांची ओळ दिसते. क, त, प मध्ये तिथे शांतता असते. इंग्रजीसाठी केलेल्या साधनांत ही रेघ वेगळ्या ठिकाणी मारलेली असते, कारण त्यांच्या शब्दारंभीच्या 'ब'मध्ये बऱ्याचदा आधीचा कंप नसतो आणि 'प'मध्ये हवेचा झोत असतो. त्यांचा मापदंड इथे लावला असता तर आपला चांगला 'प' त्यांच्या 'ब'त गेला असता. आपला झोतवाला गट निराळाच आहे, ख, थ, फ. घ, ध, भ मध्ये कंपही आणि झोतही. त्यांना सध्या हात लावत नाही.

चौथीतली मुलगी, कानाला मशीन. 'दार' म्हणताना दिवा उशिरा पेटायचा. मॅडमनी तिचा हात गळ्यावर ठेवला, आधी 'म्म्म' करायला लावलं, दिवा पेटू दिला आणि तो पेटलेला असतानाच 'दार' म्हणायला सांगितलं. 'म्म्म-दार'. मग 'म' छोटा करत नेला. यातलं एक अक्षरही माझ्या डिझाइनमध्ये नव्हतं.

१० ऑक्टोबर

'ळ'साठी काय करता येईल, असं मॅडमनी विचारलं होतं. उत्तर: माइकने फारसं काही नाही.

काळ-काल, वेळ-वेल, मूळ-मूल. फरक सगळा जिभेच्या टोकाचा. ते मागे वळून टाळूला लागतं की दातांमागे. आवाजात त्याची खूण असते, तिसरा फॉर्मंट खाली येतो, पण ऑगस्टमध्ये दुसऱ्याचेच हाल पाहिले आहेत.

जीभ खरंच दाखवणारी साधनं जगात आहेत. एकात मुलाच्या टाळूचा साचा घेऊन त्यावर बसेल अशी पातळ पट्टी करतात. रेडिंग विद्यापीठाच्या प्रसिद्ध नमुन्यात ६२ स्पर्शबिंदू असतात, जीभ लागेल तो बिंदू पडद्यावर उजळतो. ती दर मुलाला वेगळी करावी लागते, आणि वाढत्या वयात दात पडले-आले की बसेनाशी होते. दुसऱ्यात हनुवटीखाली अल्ट्रासाऊंडचा प्रोब धरून जीभ हलताना दाखवतात. दोन्ही आपल्या खिशाबाहेर. गर्भलिंग निदानाच्या कायद्यामुळे आपल्याकडे अल्ट्रासाऊंड यंत्राला नोंदणीपासून सगळी कागदपत्रं लागतात, ते वेगळंच.

मग जिभेचं ॲनिमेशन टाकावं, ही माझी सूचना. मॅडम म्हणाल्या, टाका, पण त्याला फीडबॅक म्हणू नका. ॲनिमेशन काय करायचं ते दाखवतं, मुलाने काय केलं ते नाही. मूल त्याच्यासमोर चुकीचा 'ळ' म्हणत बसलं तरी चित्रातली जीभ बरोबरच वळणार. पटलं. 'ळ'साठी समोरचा कॅमेरा आरसा म्हणून, तोंड मोठं उघडून 'आळ', आणि बाजूला मॅडमचं बोट. बस्स.

'ळ'बद्दल एक गोष्ट मात्र ॲपमध्ये आली. मूल नोंदवताना पहिला प्रश्न आता "घरी कोणती बोली?" हा आहे. विदर्भातून बदली होऊन आलेल्या एका घरात 'डोळा'ला 'डोया' म्हणतात, तिथे मूल 'य' म्हणतंय यात दुरुस्त करायचं काही नाही. मिरजेतल्या दखनी बोलणाऱ्या घरांत 'ळ' मुळातच नसतो, कानडी घरांत तो भरपूर असतो. घरात सगळेच जसं बोलतात तसं मूल बोललं तर मॅडम त्याला थेरपीला घेत नाहीत, शाळेतून चिठ्ठी आली तरी.

२५ नोव्हेंबर

दिवाळी, मग निवडणूक, आता परत. बरेच दिवस टॅबलेट कपाटात होता, त्यातून हवी होती ती चाचणी आपोआप झाली.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सापासमोर छान 'स' म्हणणारी मुलं. टॅबलेट न काढता मॅडमनी साधी चित्रं दाखवली: ससा, सायकल, बस. काही जणांचा 'स' टिकला होता. काहींचा साफ गेला होता. एका मुलाने 'शायकल' म्हटलं आणि लगेच कपाटाकडे बघितलं, जणू साप नसला तर आपलं काय चुकलं ते कुणी सांगायचं.

मॅडम याची वाट बघत होत्या. स्नायूंची हालचाल शिकण्यावरचं संशोधन हेच सांगतं: दर वेळी, लगेच, बाहेरून उत्तर मिळत गेलं की समोरचं काम पटकन सुधारतं, पण शिकलेलं टिकत नाही. सुरुवातीला हालचाल कशी झाली हे दाखवावं, नंतर फक्त जमलं की नाही, तेही अधूनमधून, थोडं थांबून. त्या म्हणाल्या, "पडदा दाखवायचं बटण तुम्ही केलंत. आता झाकायचं करा."

म्हणून या महिन्याचं सगळं काम झाकण्याचं. साप आता गवतात शिरतो. मूल 'स' म्हणतं, पडदा हिरवागार, काही हलत नाही. मग मुलाने स्वतः ठरवायचं, अंगठा वर की खाली. त्यानंतरच गवत बाजूला होतं आणि साप किती सरकला ते दिसतं. किती वेळा गवत राहील हे मॅडमच्या हातात: सुरुवातीला कधीच नाही, शेवटी जवळपास नेहमी.

ॲपची मोजणीही बदलली. आधी बरोबर 'स' मोजत होतो. आता मुलाचा अंगठा आणि मॅडमचा रिमोट किती वेळा जुळतात ते मोजतो. ऐकू येणाऱ्या मुलांत हे जुळणं कानाच्या भरवशावर येतं. ज्यांना वरचे आवाज पोचत नाहीत त्यांना दुसरी काही खूण लागते. पावसाच्या दिवशीचा तो मुलगा अंगठा वर करण्याआधी जिभेच्या टोकाला बोट लावतो. मॅडमनी खुणेने विचारलं, काय? त्याने हात गार असल्यासारखा झटकला. 'स'ची हवा टोकाला थंड लागते. 'श'ला तशी लागत नाही, मी करून पाहिलं.

५ डिसेंबर

कवठेमहांकाळकडून एसटीने येणाऱ्या एक आई. मुलगी पाच वर्षांची, कॉक्लिअर इम्प्लांट झालेलं. म्हणाल्या, "मॅडम, ते पतंगाचं आमच्या फोनवर घालून द्या की. घरी पण करंल ती."

मला लगेच द्यावंसं वाटलं. ॲप ब्राउझरवर चालतं, लिंक पाठवली की झालं. मॅडमनी आधी उलट विचारलं, "फोन घरात कुणाकडे असतो?"

"तिच्या पप्पांकडं. रात्री देतात तिला, मग ती गाणी बघती."

लिंक दिली नाही. त्याऐवजी चाळीस पानी वही दिली. रोज सहा आवाज: म, ऊ, आ, ई, श, स. डॅनिएल लिंगची ही जगभर वापरली जाणारी तपासणी. हाताने किंवा कापडाने तोंड झाकून म्हणायचं आणि मुलीने ऐकून तसंच म्हणायचं किंवा खूण करायची. सगळे पोचले तर मशीन नीट चालतंय. एखादा पोचेनासा झाला तर बॅटरी किंवा कॉइल (डोक्याला चिकटणारी चकती) बघा, मग फोन करा. पुढच्या पानांवर मुलीच्याच घरातले शब्द: आई, मामा, शेळी, सायकल. आई म्हणाल्या, "शेळी रोजच बोलती, पण 'सेळी' म्हणती." मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं.

फोनवर ॲप कुणालाच द्यायचं नाही असं नाही. ऐकू येणारा, सातवीतला, 'र'वर अडलेला मुलगा आहे, त्याला देऊ. पाच वर्षांच्या मुलीला मात्र पतंगापेक्षा समोरचं तोंड जास्त वेळ दिसायला हवं, हे मॅडमचं मत. ज्या फीचरवर मी सगळ्यात जास्त रात्री घालवल्या, तेच इथे नको आहे. असो.

९ जानेवारी २०२५

कागदपत्रांचा दिवस. मुलांचे आवाज साठवायचे का? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. पण कायदा बाजूला ठेवला तरी उत्तर तेच. सगळी आकडेमोड टॅबलेटवरच होते, आवाज सर्व्हरवर जात नाही, सत्र संपलं की पुसला जातो. फक्त तारीख, शब्द, अंगठा आणि रिमोट एवढं राहतं. मॅडमना एखादा नमुना ठेवायचा असेल तर संमतीपत्र मराठीत, एका पानाचं, आणि पालकांना वाचून दाखवायचं.

पालकांच्या सभेत एका वडिलांनी विचारलं, "मशीन आलं म्हणजे आता लवकर बोलेल ना?" मॅडमनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यांना मुलाशेजारी बसवलं, गवताचा खेळ दिला आणि रिमोट त्यांच्या हातात दिला. मुलाचा 'स' बरोबर की चूक हे त्यांना स्वतःला सांगता येईना. तीन-चार शब्दांनंतर ते फोन खिशात ठेवून मुलाच्या तोंडाकडे बघायला लागले.

३० जानेवारी

ॲपचा ताबा केंद्राला दिला. आज चालू असलेलं: फुगा, ढगांमधला पतंग, गवतातला साप, दिवा, 'ई-ऊ'ची दोन घरं. बंद केलेलं: स्वरांचा त्रिकोण, तारे, टाळ्या.

उपयोग कुणाला झाला, याचं आमच्यापुरतं मोघम उत्तर: दिवा जवळपास सगळ्यांना, साप ऐकू येणाऱ्या मुलांना लवकर आणि मशीनवाल्यांना उशिरा, पतंग फारच थोड्यांना. टाळूच्या मुलाला टॅबलेटपेक्षा आरसाच जास्त कामाला आला, आणि त्याला परत सर्जनकडे दाखवायचं मॅडमनी ठरवलं आहे. हवा अजून निसटत असेल तर तो सरावाचा प्रश्न नसेलही.

पुढच्या टप्प्यात घ, ध, भ. त्यासाठी कंप आणि झोत दोन्ही एकाच चित्रात दिसायला हवेत, आणि ते चित्र कसं असावं यावर आमचं एकमत नाही. मला दिव्याशेजारी धूर दाखवायचा आहे. मॅडम म्हणतात, आधी मुलांना विचारा 'भ' म्हणताना त्यांना काय जाणवतं, चित्र त्यातून काढा. सोमवारी चौथीच्या वर्गात जायचं आहे, कॉलर माइकची दुसरी वायरही तेवढ्यात आणायची आहे, पहिली शेवटी तुटलीच.